लव्हीनाच्या थडग्यातला हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे, मित्रांनो, आणि गेली कित्येक वर्षं माझा मुक्काम एका थडग्यात आहे. वरच्या दगडावर नाव आहे, लव्हीना. ते माझं नाव नव्हे, पण त्याला ओ द्यायची सवय मला लागली आहे.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात एनॉक स्टिडम नावाच्या शेतकऱ्याने मला ठोकून घडवलं. मका तिथे भरपूर पिके, पण बाजार डोंगरापलीकडे. खेचराच्या पाठीवर मक्याची दोनच पोती मावत. त्याची दारू गाळली की दहा पोत्यांचं पीक एका फेरीत जाई. म्हणून घरोघरी माझे भाऊबंद होते. एनॉक पहिली धार मातीत ओतून देई, कारण ती विषारी. मग चमचाभर दारू पेटवून बघे. ज्योत निळी दिसली की माझ्या पोटावर थाप मारी. ते दिवस मला फार आवडत.

पुढे दारूबंदी आली. एनॉकच्या मुलाने, ऑर्व्हलने, युक्ती काढली. घरच्या कबरस्तानात मला पुरायचं, दारू गाळण्यापुरतं उकरायचं आणि पुन्हा झाकायचं. वरचा दगड त्याने स्वतः कोरला. शिपाई झडतीला आले, नाव वाचून त्यांनी टोप्या काढल्या आणि निघून गेले.

"माझ्या हंड्याला सलामी दिली गाढवांनी!" ऑर्व्हल पोट धरून हसला.

त्याची बायको डेल्फी हसली नाही. "नसलेल्या पोराला कसलं थडगं करतोस? रिकामी जागा बघून खरंच कुणी पोर तिथं निजायला आलं म्हणजे?"

दर मे महिन्यात बायका कबरी साफ करायला येत. शंका नको म्हणून डेल्फी माझ्यावरही मेणात बुडवलेली कागदी फुलं ठेवी. शेजारणी खरंखुरं रडत. ते ऐकता ऐकता माझ्या रिकाम्या पोटातून हुंकार उमटू लागला. वारा नसतानाही. मला माझीच भीती वाटे.

एका पानगळीत ऑर्व्हल दारूसकट पकडला गेला आणि तुरुंगात गेला. डेल्फीला तेव्हा दिवस गेले होते. ऐन थंडीत बाळ जन्मलं, ते रडलंच नाही. मुलगी होती. जमीन दगडासारखी गोठलेली, बर्फाने वाट बंद, पेटीला फळ्या नाहीत. माती भुसभुशीत होती ती एकाच ठिकाणी.

एनॉकने मला उघडलं. डेल्फीने आत गोधडीचा तुकडा अंथरला.

"नाव काय ठेवायचं, पोरी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ठेवलेलंच आहे की, बाबा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझा हुंकार थांबला.

ऑर्व्हल वसंतात सुटून आला. बाळ गेल्याचं त्याला पत्राने कळलं होतं. कुठे ठेवलं, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फावडं घेऊन माझ्यापाशी आला. डेल्फी दगडासमोर उभी राहिली.

"बाजूला हो. कणगीत मका सडतोय."

"इथं लव्हीना आहे."

"खुळी का काय तू? लव्हीना म्हणजे आपला हंडा!"

"हंड्यातच आहे ती, ऑर्व्हल."

 त्याच्या हातून फावडं गवतात पडलं आणि त्याने टोपी काढली. बराच वेळ ती त्याने छातीशी धरली होती. त्या वर्षीचा मका त्याने डुकरांना घातला आणि पुन्हा कधी दारू गाळली नाही.

आता ती तिघंही माझ्या शेजारी निजली आहेत. कबरस्तानात झाडी माजली आहे, मे महिन्यात कुणी येत नाही. मात्र काल एक माणूस आला. धातू सापडला की वाजणारं यंत्र त्याच्या हातात होतं. माझ्यावर येताच ते किंचाळलं. त्याने दगड वाचला आणि तो हसला.

"खोटं थडगं! खाली भट्टी असणार. उद्या फावडं आणतो."

अर्धं त्याला बरोबर कळलं आहे. मित्रांनो, कालपासून माझ्या पोटात पुन्हा काहीतरी हुंकारतं आहे, आणि या वेळी तो आवाज माझा नाही. माझं बोलणं त्याला ऐकू येणार नाही, तुमचं येईल. तो माणूस वाटेत भेटला तर त्याला थांबवा. आधी टोपी काढ म्हणावं.