नववी काच

काचेवरची रेघ केसाहून बारीक होती आणि तिची डावी कड उजवीपेक्षा किंचित पुसट होती. शालूने सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू हलक्या बोटाने फिरवला, आतला मोजणीसाठी ताणलेला कोळिष्टकाचा धागा रेघेच्या मध्यावर आणला आणि आकडा वहीत टिपला.

ती सांगलीत मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. कॉलेजातले तिचे जुने सर एका ताऱ्याच्या प्रकाशाचे फोटो देऊन गेले होते, नऊ काचांवर घेतलेले. तारा दूर जात असला तर त्याच्या प्रकाशातली रेघ तांबड्याकडे सरकते, जवळ येत असला तर जांभळ्याकडे. सरांना एवढंच हवं होतं, की ही रेघ महिन्यामहिन्याने मागेपुढे होते का. होत असेल, तर ताऱ्याला न दिसणारा जोडीदार आहे आणि तोच त्याला ओढतो आहे. दोन महिने झाले, शालू अजून मोजतच होती.

दारात अंबूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. आष्ट्याहून बाजाराला आली की दुपारची मोटार सुटेपर्यंत सासू इथेच टेकायची. मघाशी तिने काचेला डोळा लावून पाहिला होता.

"तांबडं कुठं हाय ह्यात? समदं काळंपांढरं."

"फोटोत रंग उतरत नाही, आत्याबाई. रेघ कुठं सरकली ते बघायचं."

"आन् त्यो जोडीदार?"

"तो दिसत नाही. त्याची ओढ दिसते."

अंबूबाईने पुढची शेंग उचलली. हातातली शेंग बराच वेळ तशीच राहिली.

शालूचा नवरा लालासाहेब बेचाळीस साली मलायात लढाईत बेपत्ता झाला, त्याला चार वर्षं होऊन गेली होती. देह नाही, म्हणून क्रियाही नाही. भटजींनी मार्ग सांगितला होता : पळसाच्या तीनशेसाठ पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दिवस घालायचे. भावकी दर अवसेला विचारायची, आणि अंबूबाई दर वेळी सांगायची, शालू म्हणेल तेव्हा. शालू म्हणायची, पुरावा नाही. रात्री ती दार नुसतं लोटून घ्यायची, कडी लावायची नाही. पायरीवर बूट वाजले की हातातला आकडा विसरायची.

तिने वहीचं मागचं पान उघडलं. पृथ्वीची स्वतःची चाल वजा केल्यावर आठ काचांचे आकडे केसभरही हलत नव्हते. फक्त नवव्या काचेचा आकडा जांभळ्याकडे होता, येणाऱ्याच्या बाजूला. त्या एका आकड्यासाठी तिने सरांना द्यायचं उत्तर धरून ठेवलं होतं. पण आज तीच काच तिने तीनदा मोजली, आणि तिन्ही वेळा ती बाकीच्या आठांसारखीच निघाली.

जुन्या आकड्याशेजारी तारीख होती, चौदा मार्च. त्या दुपारी लालासाहेबाच्या पलटणीतला हरिबा आला होता. लालासाहेबाला रंगूनच्या दवाखान्यात कुणीतरी पाहिलं, असं त्याने सांगितलं. तो गेला आणि ती लगेच मोजायला बसली होती. तिच्या पत्राला रंगूनहून पुढे उत्तर आलं, की या नावाचा माणूस इथे नाही.

काच तीच होती, धागा तोच. त्या दिवशी स्क्रू फिरवणारं बोटही हेच होतं, फक्त तेव्हा ते वाट पाहत होतं.

शालूने जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली. खोडला नाही, वाचता येईल असा ठेवला. खाली लिहिलं, जोडीदार नाही.

पायरीवर बूट वाजले. अंबूबाईने मान वर केली. वरच्या बिऱ्हाडातला हवालदार होता, वर निघून गेला. शालू काचा एकेक करून कागदात गुंडाळत होती.

"चलते बाई, मोटारीची येळ झाली." अंबूबाईने पदरातली टरफलं झटकली. "सोमवारी आवस हाय. भावकी पुन्ना इचारंल. नेहमीचंच सांगते मी."

शालूने नववी काच पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पळसाची पानं काढायला सांगा."