चष्म्याकडे गेलेला हात

“अगं, कुशीवर वळव त्यांना! बघतेस काय?” वॉर्डच्या सिस्टर दारातूनच ओरडल्या.

खाटेवरच्या आजोबांना गुंगीतच उलटी झाली होती. श्वास अडकत होता. आणि शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ नर्स चिमणीने डोळे मिटून दोन्ही हात कानशिलांकडे नेले होते. तिथे काहीच नव्हतं, तरी बोटं काहीतरी उचलू पाहत होती.

तिला शिकवणाऱ्या बाई धावल्या. त्यांनी आजोबांना कुशीवर घेतलं, तोंड साफ केलं. आजोबा खोकले आणि पुन्हा श्वास घेऊ लागले.

“वर्गात पहिली म्हणे ही!” सिस्टर म्हणाल्या. “उभ्या उभ्या झोपली की!”

चिमणी रडत बाहेर गेली. बाई गप्प राहिल्या. तिची बोटं काय शोधत होती, ते तिथे फक्त त्यांनाच कळलं होतं.

नर्सिंग कॉलेजात सरावासाठी ते जाडजूड व्हीआर चष्मे नवे आले होते. डोळ्यांवर चढवले की भोवती अख्खा वॉर्ड उभा राहायचा आणि त्यातला खोटा रोगी तडफडू लागला की मुली खऱ्याखुऱ्या किंचाळायच्या. बाईंना दया यायची. “भीती वाटली ना, की चष्मा काढायचा, बाळांनो,” त्या सांगायच्या. “पाणी प्या, मग पुन्हा घाला. रोगी थांबतो.” चिमणी सगळ्यांत भित्री, म्हणून तिला हे सगळ्यांत जास्त वेळा सांगून झालं होतं. तशीच काढत-घालत ती पहिली आली, आणि बाईंनीच तिला कौतुकाने वॉर्डात धाडलं.

त्या रात्री बाईंना घास गेला नाही. पोरीला पोहायला शिकवायचं म्हणून आपण तिला काठ धरायलाच शिकवलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वसतिगृहात गेल्या, तर चिमणी बॅग भरत होती.

“मला नाही जमायचं, बाई. आजोबा गेले असते.”

“गेले असते तर माझ्यामुळे. हात तुझा, पण सवय मी लावली. आणि सिस्टर तुला बोलल्या तेव्हा मूग गिळून बसले, ते वेगळंच.”

“तुम्ही उगाच स्वतःवर घेताय.”

“उगाच नाही. सकाळी सिस्टरांना सांगून आले. आजोबांनाही.”

चिमणीचे हात थांबले. “ते काय म्हणाले?”

“म्हणाले, पोरीला म्हणावं, मी अजून आहे. सवडीने ये.”

चिमणीला हसू आलं नाही. पण बॅग तशीच उघडी ठेवून ती बाईंच्या मागे वर्गात आली.

तिने चष्मा चढवला. बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. थोड्याच वेळात तिचा श्वास भरभर होऊ लागला आणि हात कानशिलाकडे निघाला.

“बाई, काढू?”

नेहमीचं उत्तर बाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

“रोग्याचा हात धर.”

“इथे हात लागत नाही, बाई. नुसती हवा आहे.”

“धरून तर बघ.”

चिमणीचा हात चाचपडत पुढे आला. बाईंनी आपला हात तिथे नेऊन ठेवला. तिने तो इतका घट्ट आवळला की नखं रुतली.

बाईंनी तो सोडवून घेतला नाही.