हेडफोनला बंदी

परीक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या नाथाजींनी डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला तेव्हा शिवांजलीला वाटलं, बदलून दुसरा देतायत. तिने मान तशीच पुढे धरून ठेवली.

"आवं काका, हेडफोन?"

"परीक्षेत कानाला कायबी लावायचं न्हाई, पोरी. नियम हाय."

"पर मला दिसत न्हाई. स्क्रीनवरचं त्यातनंच ऐकू येतं."

"कळतंय गं मला. पर भिंतीवर कागद लावलाय. खाली तुझ्या उमा मॅडमचीच सही हाय."

शिवांजलीने बोटं कीबोर्डवर ठेवली. नाथाजींनी प्रश्न मात्र दोनदा वाचून दाखवले.

तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि सुटलीच की ती! ओळ, एंटर, ओळ, एंटर, सगळा प्रोग्राम तोंडपाठ. बाहेर तिचे वडील हंबीरराव गाडीला टेकून उभे. पास झाली तर कुपवाडच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नोकरी, नापास झाली तर शिराळ्याला परत आणि जमेल तिथे लग्न. पुन्हा परीक्षा नाही, असं ठरलेलं.

वेळ संपली आणि साताऱ्याहून आत्ताच परतलेल्या उमा मॅडम धावतच लॅबमध्ये शिरल्या.

"नाथाजी! हिचा हेडफोन कुणी काढला?"

नाथाजींनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. पिवळा पडलेला कागद. 'कुणालाही सूट नाही. एकाला दिली की सगळे फायदा घेतात.'

अकरा वर्षं झाली त्याला. तेव्हा मॅडम गेम थिअरी शिकवायच्या, म्हणजे समोरचा काय डाव टाकेल त्याचं गणित. कॉपी करणाऱ्यांचंही गणित मांडलं होतं त्यांनी, लय नाव झालं होतं. न दिसणाऱ्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायला लागल्या त्या नंतर. कागद काढायचा राहूनच गेला.

मॅडमनी टेबलावरचा हेडफोन उचलला.

"भांडायचं नाही का गं?"

"तुमीच लिवलंय म्हणल्यावर कायतरी इचार असंल वाटलं." शिवांजली हसली. "चालला का मॅडम, प्रोग्राम?"

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं. पासवर्डच्या चौकटीत शेवटच्या ओळीचे ठिपके. वर लाल अक्षरात: पासवर्ड चुकला, पुन्हा टाका. प्रोग्रामची प्रत्येक ओळ पासवर्ड म्हणूनच गेली होती.

"मॅडम?"

शिवांजलीने तळहात पुढे केला.

"हेडफोन द्या की. मीच ऐकते."

मॅडमनी वायर बोटाभोवती गुंडाळली. मग आणखी एक वेढा. बाहेर हंबीररावांनी हॉर्न दिला.