बघ्यांची विहीर

बिबट्या तिसऱ्यांदा शिडीवर चढला, काठावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि तो पुन्हा पाण्यात कोसळला.

केवळाबाईला आधी बिबट्याचाच राग आला. डुकरामागे धावत येऊन तिच्याच विहिरीत पडायचं काय अडलं होतं? हदगावला, तिच्या माहेरी, हे जनावर गोठ्यातलं शेरडू उचलून न्यायचं, पण उभ्या जन्मात कुणाला दिसलं नाही. सकाळी ओल्या मातीत पंजा उमटलेला असायचा, एवढंच. कुणाच्या देखत ते खात नाही, पिलं घालत नाही. आता उमरीकडच्या उसात राहतं, गावची कुत्री खातं आणि मरतं तेही जत्रा भरवून.

पण त्याच्यापेक्षा ही माणसं. वनखात्याचा माणूस हात जोडून सांगत होता, तुम्ही मागे सरलात तरच ते वर येईल. ते सगळ्यांना पटत होतं, म्हणून जो तो शेजाऱ्याला मागे ढकलत होता. सर्वांत पुढे तिचा लेक श्रीमंत, फोन उंच धरून.

बिबट्याचं डोकं आता पाण्याखाली जाऊन उशिरा वर येत होतं.

ती लेकाजवळ गेली. "तू पाळण्यात व्हतास. तुझा बाप ह्याच हिरीत गाळ काढताना दरडीखाली दबला. हाका मारून घसा बसला माझा, कुत्रं आलं न्हाई. अन् आज जनावर मरून राहिलं, तर लई गाव जमलं."

श्रीमंतची मान खाली गेली. बाकीच्यांची गेली नाही. एकाने फोन तिच्याकडे वळवला.

"आजी, पुन्हा म्हणा की. व्हिडिओ चालू नव्हता."

मग दुसरा फोन वळला, तिसरा वळला. केवळाबाईला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. ती थुंकली नाही. इथे ऊन लागतंय म्हणाली आणि बांधावरच्या लिंबाकडे चालू लागली. मेंढरांसारखं गाव मागोमाग निघालं.

लिंबाखाली तिने पहिल्यापासून सांगितलं, लेकालाही कधी न सांगितलेलं. चिखलातून वर राहिलेला हात. हातात तसंच धरलेलं टोपलं. सगळ्यांची पाठ विहिरीकडे होती, तोंड फक्त तिचं. काठावरून एक ओलं, पिवळं अंग सरपटत उसाकडे गेलेलं तिने पाहिलं.

"आजोबांचं नाव काय व्हतं?" फोनवाल्याने विचारलं.

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिने कधी ओठांवर आणलं नव्हतं. समोर उसाचे शेंडे अजून कडेलाच हलत होते. कुणी वळलं असतं, तर सगळे धावले असते.

"रामलिंग," ती म्हणाली.

त्याला नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, शेंडे हलायचे थांबेपर्यंत.