मला इतकं जपू नका

मी डबी बोलतेय. हवा मोजणारी. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी गोड बोलायला सांगणार नाही. ज्यांनी ठेवला त्यांनी आपल्या सोयीसाठी ठेवला, आणि ते तर त्याहून वाईट.

दिसायला मी साबणाच्या वडीएवढी. मला कमरेच्या पट्ट्याला अडकवतात. माझी नळी पाठीवरून वर नेतात आणि तिचं तोंड चिमट्याने कॉलरला लावतात, माणसाच्या नाकाजवळ. त्या तोंडात एक गोल पांढरा कागद असतो. मी दिवसभर गुणगुणत हवा ओढते आणि हवेत जे काही असेल ते त्या कागदावर बसतं. संध्याकाळी कागद तपासायला जातो. माणूस नाकात घेतो तेच मी घेते. माझं फुप्फुस रोज बदलता येतं, माणसाचं येत नाही, एवढाच काय तो फरक.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला, बहिणींच्या रांगेत. कमी ओढणाऱ्या बहिणी तिथेच बाजूला काढल्या. मी पास झाले. त्यामुळे मला कुणी खोटारडी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला विकत घेतलं एका डॉक्टरीणबाईने. कामामुळे जडणाऱ्या आजारांवर तिचा अभ्यास. बाकीचे डॉक्टर विचारतात, काय होतंय. ही आधी विचारते, काम काय करता. तिच्याकडे एक दिवस दोन बहिणी आल्या. एकाच ब्रेडच्या कारखान्यात कामाला. थोरली मिक्सरवर, म्हणजे पिठाची पोती रिकामी करायची आणि वरून डब्यातली ‘फुगवणी’ घालायची. फुगवणी म्हणजे ब्रेड मऊ आणि टम्म व्हावा म्हणून घालतात ती पूड. नाव कामगारांनीच ठेवलेलं. धाकटी पलीकडच्या खोलीत पाकिटं भरायची.

थोरलीची छाती संध्याकाळपर्यंत आवळून यायची. श्वास घेताना आतून शीळ वाजायची. सुट्टीत चार दिवस घरी राहिली की बाई खडखडीत. हे ऐकूनच डॉक्टरीणबाईच्या मनात पाल चुकचुकली.

कारखान्यात मात्र थोरलीला सोंगाडी ठरवून झालं होतं. तिथला सुपरवायझर, त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण कानात सांगायची गोष्टही तो गल्लीला ऐकू जाईल अशी सांगायचा. त्याने निकाल देऊन टाकला होता, की हिच्या घरात ओल आहे, नवरा सिगारेट ओढतो, उशाशी मांजर झोपतं आणि खापर मात्र आमच्या पिठावर. नवऱ्याने सिगारेट सोडली. मांजर शेजारी दिलं. दम तिथेच. थोरली भोंग्याला एवढंच म्हणाली, “आता घरात मी एकटीच उरले दोष द्यायला.”

मालकाने सांगितलं होतं, काय ते सोमवारपर्यंत सिद्ध करा. नाहीतर थोरलीने घरी बसायचं आणि मिक्सरवर धाकटीने उभं राहायचं. धाकटीला लहानपणापासून जरा धूळ लागली की शिंकांची माळ. थोरलीला नोकरीपेक्षा त्याचीच धास्ती होती. “माझं झालं ते झालं,” ती म्हणायची, “पण हिला तिथे उभी करतील.”

म्हणून मला थोरलीच्या कमरेला बांधलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, “ताई, नाजूक आहे हो. जपा हिला.” आणि ती बाकीच्या कामगारांची छाती तपासायला गेली.

पुढे काय झालं ते ऐका. मिक्सर सुरू व्हायच्या आधी थोरलीने ब्रेडची एक कोरी पिशवी घेतली. मला त्यात घातलं, माझी नळी घातली, नळीचं तोंडसुद्धा आत, आणि वरून सैलशी गाठ मारली. मी आत गुणगुणत राहिले. बाहेर पोती उलटी होत होती ते मला नुसतं ऐकू येत होतं. मला जी हवा दिली ती मी ओढली. पिशवीतली. मी अजून काय करायला हवं होतं?

संध्याकाळी तिने मला बाहेर काढलं, पुसलं आणि परत दिलं. कागद निघाला कोराकरकरीत.

भोंग्याला कोण आनंद. यंत्राला कळतं, माणूसच सोंग करतो, असं त्याने भट्टीपाशी, गाडीपाशी आणि दारापाशी सांगितलं. डॉक्टरीणबाईने मला उघडून पाहिलं, माझी ओढ मोजली, मोटार तपासली. दोष सापडला नाही, तरी तिचा संशय माझ्यावरच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण गुणगुणण्यापलीकडे माझ्या गळ्यात सूर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलं. पुन्हा पिशवी. पुन्हा कोरा कागद. थोरली तर जिना चढताना कठडा धरून थांबायला लागली होती. धाकटीच्या मापाचा ॲप्रनही येऊन पडला.

त्या संध्याकाळी मला परत देताना थोरली मोठ्या कौतुकाने म्हणाली, “बघा मॅडम, दोन दिवस वापरली, पण पिठाचा एक कण लागू दिला नाही हिला.”

डॉक्टरीणबाई मटकन पोत्यावर बसली. थोरलीला वाटलं आपल्या हातून काही मोडलं. ती घाबरून पिशवीची गोष्ट सांगायला लागली, रोज नवी पिशवी घेत होते, स्वच्छ होती, वगैरे. डॉक्टरीणबाई रागावली नाही. म्हणाली, “चूक माझी आहे ताई. जपा म्हणाले, पण ही पीठ खायलाच आणलीय हे सांगितलंच नाही.”

तिसऱ्या दिवशी मी उघड्यावर होते. पोतं उलटं झालं आणि ढग उठला. मग फुगवणीचा डबा. ती पूड इतकी बारीक की खाली पडण्याआधी वर जायची. थोरलीचे डोळे लाल, माझा घसा गच्च. मान वर केली तर मिक्सरच्या डोक्यावर हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा. म्हणजे माझा थोरला भाऊच की. पण त्याच्या पात्यांवर कोळ्याचं जाळं आणि बटणावर चिकटपट्टी. आम्ही दोघंही ओढायला जन्मलो, आणि दोघांचीही तोंडं बांधलेली.

कागद जड झाला. तपासणीत पीठ निघालं आणि फुगवणीही निघाली.

मालकाच्या खोलीत सगळे जमले. मी टेबलावर. मालक शांतपणे म्हणाला, पीठ कुठल्या ब्रेडच्या कारखान्यात उडत नाही? बाईची छाती नाजूक, त्याला आम्ही काय करणार. धाकटी धडधाकट आहे. सोमवारी तिला लावू.

डॉक्टरीणबाईने औषधांची पेटी उघडून जवळ ठेवली आणि थोरलीच्या हातावर चार थेंब टाकले. पिठाचा, घरातल्या धुळीचा, मांजराचा आणि फुगवणीचा. प्रत्येक थेंबावर सुईचं टोक हलकेच टेकवलं. ज्याचा त्रास, तिथे कातडी फुगणार. ताडून बघायला त्रास नसलेला एक हात लागतो म्हणाली, तर भोंग्याने हसत बाही वर केली. “घ्या, आमचं कातडं गेंड्याचं आहे.” त्याच्याही हातावर तेच चार थेंब पडले.

मग वाट बघणं. थोरलीची शीळ तेवढी ऐकू येत होती.

तेवढ्यात माझं सांगून घेते, कारण नंतर मला बोलायला जागा मिळणार नाही. आता मी जुनी झालेय. झाकणाला तडा गेलाय, नळीही पिवळी पडलीय. तरी कारखान्याकारखान्यांत हिंडते. कुणाच्या ना कुणाच्या कॉलरला असते. बायांनो, बाबांनो, तुमच्याकडे आले तर हात जोडून सांगते, मला पुसू नका, झाकू नका, खिडकीशी नेऊन टांगू नका. मला घाण होऊ द्या. मी स्वच्छ राहिले की तुम्ही मेलात.

हं. तर थोरलीच्या हातावर पीठ गप्प, धूळ गप्प, मांजर गप्प. फुगवणीच्या जागी गांधील चावल्यासारखी गाठ. मालकाचा जीव भांड्यात पडला. पूड बनवणाऱ्यांचा दोष, तो म्हणाला, दुसरीकडून मागवू.

तेवढ्यात भोंगा बाही खाली ओढायला लागला. धाकटीने त्याचं मनगट धरलं.

“भाऊ, खाजतंय ना?”

त्याच्याही हातावर, त्याच जागी, तशीच गाठ. कित्येक दिवस त्याचं नाक गळत होतं, आणि तो थंडी बाधली म्हणून फिरत होता. तो हाताकडे बघत राहिला. मग थोरलीच्या छातीकडे त्याची नजर गेली. शीळ वाजतच होती.

डॉक्टरीणबाई म्हणाली, सोमवारी मिक्सरवर कुणीच उभं राहणार नाही. हीच फुगवणी पातळही मिळते, ती उडत नाही, ती आणा. आणि तोवर मला एक सांगा, वरचा पंखा बंद कुणी केला?

मालकाने भोंग्याकडे बोट केलं. कारखाना तोच बघतो म्हणाला.

भोंगा आयुष्यात पहिल्यांदा कुणाला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “पीठ बाहेर जातं, वाया जातं, चिकटपट्टी मार, असं मला सांगितलं होतं.”

“कुणी?” थोरलीने विचारलं.

“मालकांनी.”