काळं तेल

माझी बायको चांगुणा जाऊन येत्या माघात दोन वर्षं होतील. ती असताना मी तिच्यावर एक आळ घेतला होता. तो खोटा होता हे मला आत्ता या दिवाळीच्या तोंडावर कळलं. तिला सांगायची सोय राहिली नाही.

आमचं शेत राहुरीच्या अलीकडे. विहिरीवर डिझेलचं इंजिन आहे. त्याचं तेल बदलायला राहुरीचा बन्सी मिस्त्री यायचा. सत्तर साली दसऱ्यानंतर तो आठ दिवस आलाच नाही, तेव्हा एवढंसं काम आपल्याला येत नाही का, असं वाटून मी घरीच करायला घेतलं. सकाळी थंड इंजिनाचा खालचा नट सोडला, जुनं तेल घमेल्यात धरलं आणि नट आवळला. तेवढ्यात शेजारच्या कारभारीचा बैल ओढ्याच्या गाळात रुतला म्हणून हाक आली. जाताना मी चांगुणाला सांगितलं, "नवा डबा फोड आन् खुणेपर्यंत तेल ओत."

त्याच दिवशी तिचा धाकटा भाऊ सहादेव पारनेरकडून आला होता. मी ओढ्यावरून परतताना तो एसटीच्या फाट्याकडे निघालेला भेटला. हातात तेलाचा डबा होता.

"दाजी, जुनं तेल नेतो. गाडीच्या आसाला हुईल."

"ने की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत इंजिन चाललं. बंद करून मी तेल मोजायची पट्टी ओढली, एरवी ती बन्सीच बघायचा. तेल काळंभोर. नवं तेल मधासारखं असतं. तेव्हा मला सहादेवाच्या हातातला डबा आठवला. तो नव्या तेलाचा डबा होता.

पट्टी तशीच हातात घेऊन मी घरी आलो. चांगुणा चुलीपुढं होती.

"नवं तेल कुठं हाय?"

"इंजिनात. आनि कुठं आसनार?"

"मग सहादेवाच्या हातात नवा डबा का हुता?"

"डबा नवा, तेल जुनं. एसटीत घमेलं घिऊन बसला आसता का त्यो? रिकाम्या डब्याला बूच हुतं, म्हनून त्यात भरून दिलं."

मी पट्टी तिच्यापुढं धरली. "एका दिवसात एवढं काळं व्हतं व्हय?"

तिनं पट्टीवरचं तेल बोटावर घेतलं, चोळून पाहिलं. "आवो, तवा घासला की पानी काळं व्हतंच की. पानी घान नसतंय, तव्याची काजळी निघती. इंजिनातबी काजळी आसंल."

मी हसलो. "इंजिन म्हंजी तवा न्हाई. तू भाकरी थाप. आन् म्हायेरचे डबे भरायचं बंद कर."

ती चुलीकडं वळली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी कारभारीच्या ओट्यावर चौघांत तेच बोललो. म्हणालो, मेहुणा नवं तेल घेऊन गेला आणि माझ्या इंजिनाला जुनं पाजलं. बोलणं सहादेवापर्यंत पोचायला आठवडा लागला नाही.

त्या भाऊबीजेला सहादेव आला नाही. मी तिला म्हटलं, तू जा माहेरी. ती म्हणाली, "तुमी संगं या. त्याला म्हना, माझं चुकलं. मग मी ववाळते. चोर म्हनून घ्यायाला मी त्याच्या दारात जायाची न्हाई."

मी गेलो नाही. माझं चुकलं असं मला वाटतच नव्हतं.

दिवस मावळल्यावर तिनं ताट केलं. निरांजन, सुपारी, कुंकू. अंगणात उभी राहून तिनं चंद्राच्या कोरीला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती असं ओवाळते. मी दारात बसून सगळं पाहत होतो. पुढच्या वर्षीही तिनं तसंच केलं, मी तसाच बसून राहिलो. माघात तिला कावीळ झाली आणि बाराव्या दिवशी ती गेली. सहादेव मातीला आला, पण आमच्या घरचं पाणी न पिता परत गेला.

नंतर दुष्काळ पडला. विहीर आटली, इंजिन उभंच राहिलं. यंदा पाणी आलं तसं मी बन्सीला बोलावलं. त्यानं आधी इंजिन चालवून गरम केलं आणि मग तेल सोडलं. नवं तेल माझ्या डोळ्यांदेखत ओतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पट्टी काढली. तेल काळं.

सकाळी राहुरी गाठली. बन्सी दुकानात चहा पीत होता.

"बन्सी, तेल घातलंस का काजळ?"

"बसा, आन्ना. चा घ्या. डिझेलच्या इंजिनात तेल काळं व्हायाचंच. आतली काजळी धुऊन ते अंगावर घेतं, त्याचं कामच हाय ते. न्हाई झालं तर मला घोर लागंल. घरात तवा घासल्यावर पानी कसं दिसतं?"

मी त्याला सत्तर सालचं सगळं सांगितलं, सकाळी नट सोडल्यापासून.

"तुमी मागं थंडच सोडलं हुतं ना? मग तर बुडाला थोडं जुनं आतच ऱ्हायलं आसंल. त्यात नवं पडलं की लगीच काळं."

पुढं आलेला चहा तसाच ठेवून मी उठलो.

भाऊबीजेला मी सहादेवाकडं गेलो. तो गोठ्यापुढं गाडीचं चाक काढून बसला होता. शेजारी तोच डबा होता, मधे चेमटलेला. मी उभ्यानंच सांगितलं, "सहादेव, माझं चुकलं. चांगुणा खरं बोलत हुती."

त्यानं हात पुसले. डब्याचं बूच काढून डबा माझ्यापुढं सरकवला. "अजून थोडं हाय तळाला. बगा."

मी पाहिलं नाही. आता पाहून काय करायचं होतं?

"आक्का हुती तवा यायाचं हुतं, दाजी," तो म्हणाला. मग घराकडं तोंड करून त्यानं बायकोला पाणी आणायला सांगितलं.

त्याच्या कपाळाला कुंकू नव्हतं. त्याला दुसरी बहीण नाही.