उंची वाढायच्या गोळ्या

मी दवाखान्यातला वजनकाटा. पाठीला उंचीची पट्टी घेऊन दाराशी उभा असतो. स्वभावाने जरा तिरसट. कुणाची भीडभाड ठेवत नाही. मोठी माणसं पोट आत ओढून माझ्यावर चढतात, जणू मी फसणारच आहे!

मुलांच्या बाबतीत मात्र मी जपून असतो. इथे एचआयव्हीची औषधं न्यायला मुलं येतात आणि माझ्या आकड्यावरून सिस्टर त्यांच्या गोळ्या ठरवतात.

चिमणी त्यातलीच, सात वर्षांची. आई गेल्यावर तिला मावशीने सांभाळलं. आली की आधी पट्टीला टेकायची. "वाढले का मी?"

वाढायची कसली! अठरा, सतरा, मग सोळा किलो. काटा थोडा पुढे सरकवावा असं फार वाटायचं, पण खोटं बोलणं मला जमत नाही.

"ताई, गोळ्या चुकत नाहीत ना?" सिस्टरनी विचारलं.

"छे हो! रोज माझ्या हाताने देते."

"मग औषध लागू पडत नसेल. मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल." सिस्टर चिमणीकडे वळल्या. "स्वेटर काढ गं, पुन्हा बघू."

स्वेटर निघाला आणि खिशातून आठ-दहा गोळ्या माझ्यावर टपटपल्या. मावशीने हात उगारला, तो सिस्टरनी वरच्यावर धरला.

चिमणी रडत म्हणाली, "तूच म्हणालीस, उंची वाढायच्या गोळ्या आहेत. मी वाढलेच नाही. मग कडू कशाला गिळू?"

मावशीने हात खाली घेतला. "काय सांगणार होते, सिस्टर? बाहेर कुठे बोलली असती तर?"

सिस्टरनी चिमणीला जवळ घेतलं. "तुझ्या रक्तात एक जंतू आहे. रोज गोळी घेतलीस की तो झोपून राहतो. चुकलीस की उठतो."

"कायमचा जात नाही?"

"नाही गं. पण तो झोपला की तू खेळायला मोकळी."

चिमणीने डोळे पुसले. "मग आधीच का नाही सांगितलंत?"

मावशी सांडलेल्या गोळ्या वेचू लागली. मी काय सांगणार? मला तर आकड्यांपलीकडे बोलताच येत नाही.

त्याला आता वर्ष झालं. माझी स्प्रिंग सैल पडली आहे. उद्या लाल आकड्यांचा नवा काटा येणार आणि मी अडगळीत जाणार. आज चिमणी शेवटची चढली. वीस! खाली वाकून माझ्या कानात म्हणाली, "झोपलाय तो."

जाता जाता एवढंच मागतो: नव्या काट्यावर मुलांना उभं कराल, तेव्हा त्यांना खरं काय ते सांगा. तेवढं वजन त्यांना पेलतं.